थंडी विसरणारं रोपटं: 'लोव्ह-१' चं प्रकरण

एकाच जातीची दोन रोपं घ्या. दोन्ही ॲराबिडॉप्सिस थॅलियाना. मोहरीच्या कुळातलं हे वीतभर उंचीचं तण, पण आजचं निम्मं वनस्पती-जनुकशास्त्र त्याच्याच जिवावर उभं आहे. दोन्ही रोपं चार आठवडे शीतकक्षात ठेवली, तापमान पाच अंश सेल्सिअसच्या आसपास. मग बाहेर उबेत आणली. पहिलं लवकरच फुलोऱ्यावर आलं. दुसरं मात्र पानांमागून पानं काढत बसलं. थंडी येऊन गेली हे जणू त्याच्या गावीच नव्हतं.

या दुसऱ्या रोपाचं नाव लोव्ह-१. त्याचं मूळ बी उत्तर स्वीडनमध्ये, बॉथ्नियाच्या आखाताच्या किनाऱ्यालगत, सुमारे ६३ अंश उत्तर अक्षांशावर गोळा केलेलं. या जातीची उत्तरेकडची हद्द त्याच टापूत संपते. आता गंमत बघा. जिथला हिवाळा सर्वांत लांब, तिथलंच रोप हिवाळा लक्षात ठेवायला सर्वांत कच्चं. असं का असावं?

या प्रश्नाचा पाठपुरावा मुख्यतः इंग्लंडमध्ये, नॉर्विचच्या जॉन इनेस सेंटरमध्ये झाला. प्रयोगांची बाजू कॅरोलिन डीन यांच्या गटाची, गणिताची मार्टिन हॉवर्ड यांच्या गटाची. डीएनएच्या घडीचा आणि हवामानाशी जुळवून घेण्याचा संबंध आहे असं बोलणारे पुष्कळ भेटतात. तो संबंध रेणूपासून शेतापर्यंत तपासून पाहिल्याची उदाहरणं थोडी. हे त्यांपैकी एक. यातलं पहिलं, सगळ्यांना पटलेलं उत्तर पुढे अपुरं ठरलं, म्हणून तर ते सविस्तर मांडावंसं वाटतं.

आठवण कोणत्या पेशींची?

काही वनस्पतींना फुलण्याआधी थंडीचा दीर्घ काळ लागतो, हे शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. हिवाळी गहू शरद ऋतूत पेरायचा, तो बर्फाखाली निजतो आणि पुढच्या उन्हाळ्यात ओंब्या धरतो. १९१८ मध्ये जर्मनीत गासनर यांनी राय या धान्यावर याचे पद्धतशीर प्रयोग केले. मराठीत या घटनेला वासंतीकरण म्हणतात.

थंडीचा परिणाम थंडी संपल्यावरही टिकतो, हा यातला खरा पेच. मेल्खर्स आणि लांग यांनी खुरासानी ओव्याच्या रोपांना आधी थंडी दिली आणि नंतर कित्येक महिने, दिवस लहान ठेवून, फुलू दिलं नाही. मग दिवस मोठा केला, तशी रोपं फुलली. म्हणजे ती थंडी रोपांनी कुठेतरी नोंदवून ठेवली होती. १९६० च्या दशकात वेलेन्झीक यांनी दाखवलं की ही नोंद होण्यासाठी विभागणाऱ्या पेशी लागतात. वनस्पतीला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. पेशी दुभंगत राहते, जुन्या पेशींची जागा नव्या घेतात, तरी नोंद पुसत नाही. तेव्हा ती गुणसूत्राच्याच अंगावर असणार, हा तर्क तेव्हाही करता आला असता. पण हातात जनुक नव्हतं.

ते १९९९ मध्ये आलं. दोन गटांनी स्वतंत्रपणे एफएलसी नावाचं जनुक वेगळं केलं. त्याचं प्रथिन फुलण्यावरचा ब्रेक आहे: फुलोरा सुरू करणाऱ्या जनुकांना ते दाबून धरतं. शरदात हे जनुक जोरात चालू असतं, थंडीत हळूहळू बंद होतं आणि ऊब आल्यावरही बंदच राहतं. निदान सर्वसाधारण रोपात तरी.

घडी कशी पडते

ॲराबिडॉप्सिसच्या एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर सुमारे नऊ सेंटीमीटर भरेल. तो बसतो काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात. त्यासाठी डीएनएच्या मजकुरातल्या दर १४७ अक्षरजोड्या आठ हिस्टोन प्रथिनांच्या एका रिळाभोवती जवळपास पावणेदोन वेढे घेतात. हे रीळ म्हणजे न्यूक्लिओसोम. रिळांच्या माळेला क्रोमॅटिन म्हणायचं.

नुसती जागा वाचवायची असती तर इथेच थांबता आलं असतं. पण प्रत्येक हिस्टोनला एक शेपटी असते, ती रिळाबाहेर डोकावते आणि तिच्यावर रासायनिक खुणा करता येतात. एच-३ हिस्टोनच्या शेपटीत २७ व्या ठिकाणी, लायसिन या अमिनो आम्लावर, तीन मिथाइल गट (छोटे रासायनिक तुकडे) लागले की तो भाग वाचण्यासाठी बंद. याच शेपटीवर ३६ व्या ठिकाणची खूण सहसा उलट सांगते, हे जनुक वापरात आहे म्हणून. एफएलसीवर या दोन खुणांचं एकमेकींशी पटत नाही. एक चढली की दुसरी उतरते.

बंदची खूण लावणारी यंत्रणा पॉलीकोम्ब या नावाने ओळखली जाते. ती आधी फळमाशीत सापडली. २००१ मध्ये वासंतीकरणाला लागणारं एक जनुक तपासलं तेव्हा ते माशीच्या पॉलीकोम्ब गटातल्या प्रथिनाचं नातलग निघालं. माशीचं शरीर घडवणारं हत्यार वनस्पती हिवाळा मोजायला वापरते. उत्क्रांतीला नवं हत्यार घडवण्यापेक्षा जुन्यालाच नवं काम लावायची खोड आहे, ती अशी.

थंडी पडली की एफएलसीवर काय घडतं ते क्रमाने पाहू. जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिनात न उतरणाऱ्या मजकुरात, एक छोटा अक्षरक्रम आहे. व्हॅल-१ नावाचं प्रथिन तिथे बसतं आणि पॉलीकोम्बला जागा दाखवतं. या ठिकाणी एकच अक्षर बदललं तर व्हॅल-१ ला नीट बसता येत नाही आणि जनुक बंद होत नाही, हे २०१६ मध्ये सिद्ध झालं. अख्ख्या जीनोममध्ये सुमारे साडेतेरा कोटी अक्षरजोड्या, आणि हिवाळ्याची आठवण त्यातल्या एका अक्षरावर लटकलेली.

मग व्हिन-३ हे प्रथिन येतं. ते उबेत जवळजवळ नसतंच; काही आठवड्यांच्या थंडीत सावकाश वाढत जातं. आता हे 'सावकाश' कसं साधतं? रात्रभराची थंडी आणि महिनाभराची थंडी यांत फरक करणारं घड्याळ कुठून आणायचं? २०२० मध्ये याचं एक उत्तर मिळालं आणि ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत देखणं वाटतं. व्हिन-३ ला चालू करणारं एक प्रथिन आहे, एनटीएल-८. ते टिकाऊ आहे. उबेत रोप झपाझप वाढतं, नव्या पेशी बनतात आणि हे प्रथिन त्यांच्यात वाटलं जाऊन पातळ होत राहतं. थंडीत वाढ मंदावते, पातळ होणं थांबतं, साठा चढत जातो. थंडी मोजायला वेगळा थर्मामीटर लागलाच नाही. रोपाची मंदावलेली वाढ हेच माप.

व्हिन-३ आणि पॉलीकोम्ब मिळून एफएलसीच्या सुरुवातीच्या भागातल्या साधारण तीन न्यूक्लिओसोमवर बंदची खूण लावतात. थंडी असेपर्यंत खूण तेवढ्यापुरतीच. ऊब आली, पेशी पुन्हा विभागू लागल्या, की ती तिथून संपूर्ण जनुकावर पसरते. पेशी दुभंगताना जुने हिस्टोन दोन्ही प्रतींत वाटले जातात, प्रत्येकीला निम्म्या खुणा मिळतात. पॉलीकोम्ब उरलेल्या खुणा वाचून शेजारच्या कोऱ्या शेपट्यांवर नव्या लावतं. जुनी खूण बघून नवी लावायची, इतक्या साध्या नियमावर आठवण पिढ्यान्‌पिढ्या चालते. पेशींच्या पिढ्या म्हणतोय, रोपांच्या नव्हे. तो फरक पुढे कळीचा ठरतो.

अर्धं बंद असं काही नसतं

चार आठवड्यांनंतर एफएलसी अर्धवट उतरतं, आठ आठवड्यांनंतर जवळपास पूर्ण. सहज वाटेल की प्रत्येक पेशीत नळ हळूहळू आवळला जात असावा. तसं नाही. २०११ मध्ये हॉवर्ड आणि डीन यांच्या गटांनी आधी गणिती प्रतिमानातून भाकीत केलं आणि मग मुळांच्या पेशी रंगवून दाखवलं की प्रत्येक पेशीत जनुक एकतर पूर्ण चालू असतं किंवा पूर्ण बंद. थंडी लांबते तशी बंद पेशींची संख्या वाढते, एवढंच. रोप हिवाळा मोजतं ते पेशींची मतमोजणी करून.

२०१५ चा प्रयोग त्याहून नेमका. प्रत्येक पेशीत एफएलसीच्या दोन प्रती असतात. एकीला पिवळं चमकणारं प्रथिन जोडलं, दुसरीला लाल. थंडीनंतर पाहिलं तर काही पेशींत पिवळी चालू आणि लाल बंद, काहींत उलट, आणि ही स्थिती पेशीविभाजनानंतरही टिकून. दोन्ही प्रती एकाच केंद्रकात, एकाच द्रवात, तीच प्रथिनं दोघींच्या अवतीभवती. तरी एकीला हिवाळा आठवतो, दुसरीला नाही. आठवण जर पेशीत तरंगणाऱ्या एखाद्या रेणूत असती तर दोघींची स्थिती एकच राहिली असती. म्हणजे ती खरोखर त्या त्या प्रतीच्या घडीतच असते. क्रोमॅटिनला कारण म्हणायचं की परिणाम, हा वाद इतर अनेक जनुकांबाबत चालू असतो. या जनुकापुरता तो या प्रयोगाने बराचसा मिटवला, असं माझं मत.

लोव्ह-१ कुठे अडखळतं

आता मूळ रोपाकडे येऊ. लोव्ह-१ मध्ये थंडीने एफएलसी खाली येतं. पण चार आठवड्यांनी उबेत आणलं की ते पुन्हा डोकं वर काढतं, सगळ्या पेशींत नव्हे, काही पेशींत. थंडी जितकी जास्त दिली तितक्या अशा पेशी कमी. टिकाऊ बंदीसाठी त्याला पहिल्या रोपाच्या दुपटीहून अधिक काळ थंडी लागते.

२०१२ मध्ये याचं मूळ जनुकातच सापडलं, आणि तेही प्रथिन घडवणाऱ्या मजकुराबाहेर. जिथे बंदची खूण पहिल्यांदा लागते, त्याच भागाजवळचे मोजके अक्षरबदल जबाबदार निघाले. ब्रेक तोच, तितकाच दमदार. फक्त तो एकदा काढला की काढलेलाच राहत नाही.

२०२० च्या कामाने अजून एक पदर उलगडला. लोव्ह-१ मध्ये खूण लागते, पसरतेही. घसरण होते त्यानंतरच्या टप्प्यात. सुरुवातीला जागा धरून बसलेली व्हिन-३ सारखी प्रथिनं निघून जातात आणि सगळी भिस्त 'जुनी बघून नवी लावा' या नियमावर येते. लोव्ह-१ मधले अक्षरबदल नेमकी ही साखळी कमकुवत करतात. प्रत्येक पेशीविभाजन म्हणजे साखळी तुटण्याची एक संधी. थंडी लांबली की रोप उबेत आल्यावर लवकर फुलतं, फुलल्यावर डीएनएच्या नव्या प्रती काढणं मंदावतं, संधीही कमी होतात. लांब थंडीने लोव्ह-१ का सावरतं याचं हे संशोधकांनी सुचवलेलं स्पष्टीकरण.

शेतात गेल्यावर

इथवर गोष्ट फार सुबक आहे. उत्तरेत हिवाळा लांब, म्हणून तिथल्या रोपाला लांब थंडी लागते. नाहीतर जानेवारीतल्या एखाद्या उबदार आठवड्यात फसून ते फुलायचं. पाठ्यपुस्तकात शोभेल असं अनुकूलन. मीही काही काळ ते असंच सांगत असे.

पण यात एक गृहीतक लपलंय: रोप बर्फाखाली थंडी मोजतं. हे कुणी पाहिलं होतं? प्रयोगशाळेत सगळे पाच अंशांवर प्रयोग करत होते, कारण शीतकक्ष त्या तापमानाला लावलेला असायचा.

२०१५ मध्ये प्रकाशित झालेल्या कामात वेगवेगळ्या तापमानांना प्रयोग केले गेले. शून्याच्या खाली वासंतीकरण होतच नाही. वर मात्र १४ अंशांपर्यंत ते बऱ्यापैकी चालतं. आणि उत्तर स्वीडनच्या या वाणात ते सर्वांत प्रभावी होतं ८ अंशांना. मग जुन्या तापमाननोंदींवरून हिशेब मांडला आणि रोपं प्रत्यक्ष उत्तर स्वीडनच्या जमिनीत लावून पाहिली. तपासलेल्या सगळ्याच वाणांचं वासंतीकरण शरदातच, बर्फ पडण्याआधीच पुरं झालं!

म्हणजे लांब हिवाळ्याचा इथे संबंधच नव्हता. बर्फ पडतो तेव्हा मोजणी आटोपलेली असते. बर्फ वितळला की उन्हाळा तोकडा, उशीर परवडणारा नाही. रोपाने फुलायला तयार होऊनच झोपायचं. शीतकक्षात 'कच्ची' दिसलेली आठवण तिथल्या शरदाला पुरेशी पक्की होती.

आणखी पाच वर्षांनी या चित्रालाही धक्का बसला. नॉर्विच, दक्षिण स्वीडन आणि उत्तर स्वीडन अशा तीन ठिकाणी संपूर्ण हिवाळाभर एफएलसी मोजलं. निसर्गात या जनुकाचे काही ठरावीक अक्षरसंच आढळतात, फरक बहुतेक प्रथिनाबाहेरच्या मजकुरात. प्रत्यक्ष शेतात या संचांना एकमेकांपासून वेगळं करणारी मुख्य गोष्ट निघाली ती शरदातली एफएलसीची पातळी, म्हणजे मोजणी सुरू होताना ब्रेक किती घट्ट होता. बंदी किती टिकते याचा वाटा त्या मानाने लहान. ज्या संचांत पातळी जास्त, तिथे फुलणं लांबतं. शिवाय फुलल्यानंतरही एफएलसीचा परिणाम उरतो आणि रोप किती शेंगा धरणार यावर पडतो. लवकर फुलून बी पाडायचं की थांबून जीव वाचवायचा, हा हिशेब दर वर्षीच्या हवामानानुसार फिरतो. त्यामुळे एकच संच सर्वत्र जिंकत नाही.

ज्या घडीच्या टिकाऊपणावर इतकी वर्षं घालवली, तो निवडीचा मुख्य धागा निघाला नाही. मला हे अपयश वाटत नाही. उलट, शेतात जाण्याची तसदी घेतली नसती तर आपण एक सुंदर पण तिरकी गोष्ट पुढची वीस वर्षं शिकवत राहिलो असतो. उघड-मिटीची यंत्रणा खरीच आहे. निसर्गाने तिचं कोणतं टोक ओढलं, एवढ्यापुरता आपला अंदाज चुकला.

उत्क्रांतीने हात कुठे घातला

फुलण्याची वेळ बदलायचे सरळधोपट मार्गही आहेतच. फ्रिजिडा नावाचं जनुक एफएलसीला चढवतं. ते मोडलं की थंडीची गरजच संपते. २००० मध्ये कळलं की लवकर फुलणाऱ्या वाणांत ते वेगवेगळ्या प्रकारे, स्वतंत्रपणे मोडलंय. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या कोलंबिया वाणात १६ अक्षरं गळालेली आहेत. (म्हणूनच वरच्या प्रयोगांतल्या 'पहिल्या' रोपात चालू फ्रिजिडा मुद्दाम परत घालावं लागलं होतं.) पण मोडतोड म्हणजे सगळं किंवा काहीच नाही. घडीजवळची चार अक्षरं बदलणं हे त्याहून मऊ काम आहे: प्रथिन तेच, ते जिथे-जिथे लागतं तिथे तसंच, फक्त कधी आणि किती वेळ गप्प राहायचं ते बदलतं.

याचं टोकाचं उदाहरण जवळच्या नात्यातच आहे. अरॅबिस अल्पिना ही डोंगराळ भागातली बहुवर्षायू वनस्पती. एफएलसीच्या तोडीचं तिचं जनुक पेप-१ थंडीत बंद होतं, बंदची खूणही लागते. ऊब आली की खूण उतरते आणि जनुक पुन्हा चालू. काही फांद्या फुलतात, बाकीच्या पानांवर परततात आणि पुढच्या हिवाळ्याची वाट पाहतात. एकदाच फुलून मरणं आणि दरवर्षी फुलणं यांतला एवढा मोठा फरक, त्याचा एक दोर घडी पक्की की सैल यात आहे. लोव्ह-१ मधली गळती या वाटेवरच्या पहिल्या पावलासारखी दिसते. पण लोव्ह-१ बहुवर्षायू नाही, आणि होण्याच्या मार्गावर आहे असंही कुणी म्हणू नये.

एक गैरसमज इथेच खोडायला हवा. 'थंडीची आठवण गुणसूत्रावर नोंदली जाते' हे वाक्य ऐकलं की लोक लगेच मिळवलेले गुण वारशाने जातात या निष्कर्षावर उडी मारतात. ही उडी आधी मारली गेली आहे आणि महागात पडली आहे. सोव्हिएत रशियात लिसेंको यांनी वासंतीकरणाचा गाजावाजा केला आणि थंडी देऊन हिवाळी गहू कायमचा वसंती करता येतो असा दावा केला. त्याला सत्तेचं पाठबळ मिळालं; जनुकशास्त्रज्ञांचा छळ झाला, आणि निकोलाय वाविलोव्ह १९४३ मध्ये तुरुंगात मरण पावले.

एफएलसी याच दाव्याच्या विरोधात साक्ष देतं. बी तयार होताना भ्रूणात ते पुन्हा चालू केलं जातं; खुणा उतरवणारं एल्फ-६ नावाचं एन्झाइम त्या कामात लागतं, हे २०१४ मध्ये दिसलं. आईने कितीही हिवाळे मोजलेले असोत, पोरीची पाटी कोरी. आणि ती कोरी असायलाच हवी, नाहीतर शरदात रुजलेलं रोप आईच्या जुन्या हिवाळ्याच्या भरवशावर डिसेंबरच्या तोंडावर फुलून बसेल. पुढच्या पिढीत जातात ती अक्षरं. घडी किती सहज पडेल, किती टिकेल, शरदात जनुक किती जोरात बोलेल, हे त्या अक्षरांनी ठरतं, आणि निवड होते ती त्यांचीच.

राहता राहिलं हवामान. २०१८ मध्ये शेतातल्या मोजणीतून दिसलं की व्हिन-३ चढण्यासाठी नुसती सरासरी थंडी पुरत नाही. दिवसाचं तापमान अधूनमधून १५ अंशांच्या वर गेलं तर ते दबतं. रोप थंडीइतकीच उबेची अनुपस्थिती मोजत असतं. उत्तर स्वीडनमध्ये ही मोजणी बर्फापूर्वीच्या काही आठवड्यांत उरकावी लागते. तिथला शरद लांबला, त्यात दुपारच्या उबेचे तुकडे वाढले, तर लोव्ह-१ च्या किती पेशी बर्फ पडेपर्यंत बंद झालेल्या असतील आणि त्यांतल्या किती वसंतात पुन्हा उघडतील, हे आता शीतकक्षाला पाच अंशांवर लावून मोजता येणार नाही.